बरें झालेलें दुखणें परत कां येतें?

आमचे धाकटे बंधू वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं धावूं लागले, तेव्हां घरांत सर्वांस आनंदच झाला. घराण्यांत मधुमेह, तीर्थरूपांचीं अखेरचीं वर्षें त्याच व्याधींत गेलेलीं. जानेवारींतील मुंबईच्या मॅरेथॉनमधील अर्ध्या अंतराचा, म्हणजे सुमारें २१ किलोमीटरांचा, बेतही ठरला. परंतु दोन वर्षांत त्यांची टांचेमागील शीर तीन वेळां दुखावली. दर वेळीं क्रम तोच: पंधरवडाभर विश्रांति, काकूंच्या हातचें तेल, दुखणें थांबतांच पूर्वीइतकेंच धावणें, आणि महिन्याभरांत पुनः लंगडत घरीं येणें. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले, "दादा, हें आपलें काम नव्हे." आम्हांस त्या दुखण्यापेक्षां हा उद्गारच अधिक चिंताजनक वाटला.

हौसेनें धावणारांचीं बहुतेक दुखणीं एकाएकीं होत नाहींत. तीं सांचत जातात. एकदां दुखावलेला मनुष्य पुनः दुखावण्याचा संभव इतरांहून अधिक असतो, हें वारंवार दिसून आलें आहे. कारण असें कीं, नियमित धावण्यानें दम थोड्याच आठवड्यांत वाढतो. परंतु हाडें आणि कंडरा, म्हणजे स्नायूस हाडाशीं जोडणारी दोरी, यांस बळकटी येण्यास महिने लागतात. विश्रांतीनें वेदना शमते खरी, पण बळ येत नाहीं. उलट थोडें घटतें. वेदना थांबली म्हणजे पाय पूर्ववत् झाला असें समजणें, हें ताप उतरल्याच दिवशीं लग्नाच्या पंगतीस बसण्यासारखें आहे.

मग बळ आणावें कसें? स्वीडनमधील शल्यवैद्य हॉकन आल्फ्रेडसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं टांचेमागील कंडरेच्या जुनाट दुखण्यावर एक साधा व्यायाम प्रसिद्ध केला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहावें, सारा भार दुखऱ्या पायावर घ्यावा, आणि टांच सावकाश पायरीखालीं उतरवावी. वर येतांना बऱ्या पायाचा आधार घ्यावा. गुडघा ताठ ठेवून १५ वेळां, असे ३ फेरे. गुडघा किंचित् वांकवून तितकेच. दिवसांतून दोनदां, १२ आठवडे. दुखणें टांचेच्या हाडालगतच असेल, तर मात्र टांच पायरीखालीं नेऊं नये. थोडें दुखलें तर भिण्याचें कारण नाहीं; परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाय अधिक आंखडलेला वाटला, तर भार कमी करावा.

दुसरी गोष्ट हिशेबाची. डेन्मार्कमधील संशोधकांच्या पुढाकारानें ५,००० हून अधिक धावणारांच्या नोंदी तपासण्यांत आल्या. त्यांचा निष्कर्ष २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. मागील ३० दिवसांतील सर्वांत लांब धावण्याहून एकाच दिवशीं १० टक्क्यांपेक्षां अधिक अंतर धावणारांस दुखापतीचा धोका अधिक, असें त्यांत दिसलें. म्हणजे महिन्यांतील मोठें अंतर १० किलोमीटर असेल, तर पुढील रविवारीं ११ च्या पलीकडे जाऊं नये. महिनाभर खंड पडला असेल, तर जुना पराक्रम जमेस धरूंच नये. अर्धा तास झपाट्यानें चालणें सुखानें जमूं लागलें, कीं थोडें चालणें व थोडें धावणें असा आरंभ करावा, आणि मध्यें एक दिवस सोडावा. घरांत दुधाचा हिशेब लिहितात, तशी एक वही ठेवावी: अंतर, झोप, आणि सकाळीं उठल्यावर पहिल्या दहा पावलांस पाय कसा वाटला.

आणखी एक इशारा. फार धावून कमी जेवणारांचीं हाडें दुर्बळ होतात. लांब धावणाऱ्या लेकीसुनांनीं उपासतापास विचारपूर्वक करावे. मासिक पाळी अनियमित झाली, तर ती थकव्यावर न लोटतां वैद्यकीय सल्ला घ्यावा. हाडावर एकाच ठिकाणीं दाबल्यास कळ येणें, रात्रीं ठणका लागणें, किंवा लंगडणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास धावणें थांबवून डॉक्टरांस दाखवावें. तेथें जिना व वही पुरेशीं नाहींत.

घरांतील वडील मंडळींसही आमची एक विनंति आहे. "पुरे झालें आतां धावणें" असें म्हणूं नये, आणि "बरा झालास ना, मग बसलास कां?" असेंही विचारूं नये. पहिल्यानें व्यायाम कायमचा सुटतो. दुसऱ्यानें दुखणें परत येतें.

आमच्या बंधूंनीं जिना धरला, त्यास पांच महिने झाले. यंदा ते मुंबईस गेले नाहींत. रविवारीं सहा किलोमीटर धावून, वहींत तसें लिहून, चहास वेळेवर येतात. सकाळीं ते पायरीवर उभे राहिले, कीं घरचीं मुलें भोंवतीं जमून मोठ्यानें पंधरापर्यंत मोजतात. चौथ्यांदा पाय दुखावणारच नाहीं, अशी हमी कोण देणार? पण "हें आपलें काम नव्हे" हे शब्द त्यांच्या तोंडून पुनः ऐकूं आलेले नाहींत.