घोड्यांचा सांथीचा खोकला आणि यात्रेचा बाजार

मार्गशीर्षांत तापीकांठीं सारंगखेड्यास आणि नांदेड जिल्ह्यांत माळेगांवीं घोड्यांचे मोठे बाजार भरतात. घेणारा तेथें दांत पाहतो, चाल पाहतो, अंगावरील भोंवऱ्यांचें शुभाशुभ जाणत्याकडून वदवून घेतो. परंतु या घोड्यास इन्फ्ल्युएन्झाची लस टोंचली आहे काय, असें विचारणारा मात्र आम्हांस विरळाच आढळतो.

सन २००८ च्या जून महिन्यांत जम्मूकडील कटरा येथें हा रोग उद्भवला. त्यापूर्वींची सांथ १९८७ सालची. मधल्या वीस वर्षांत लोक ती विसरून गेले होते. कटरा हें वैष्णोदेवीच्या पायथ्याचें गांव. यात्रेकरूंस वाहणारीं खेंचरें व तट्टें तेथें दाटीनें राहतात. तेथून निघालेला रोग अकरा राज्यांत पोंचला. हा शर्यतीच्या घोड्यांचा श्रीमंती रोग, आपल्या टांग्याच्या तट्टास त्याचें काय, असें म्हणणारांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

रोगाचें बीज एक विषाणु आहे. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत घोड्यास ताप भरतो, कोरडा खोकला सुटतो, नाक वाहूं लागतें. खोकल्याच्या तुषारांबरोबर रोग पसरतो, तसाच तो मोतद्दाराच्या हातांवरून, लगामावरून व पाण्याच्या बादलीवरूनही जातो. घोडा बहुधा मरत नाहीं, आणि हाच खरा धोका! दोन दिवसांत ताप उतरला कीं मालक त्यास जुंपतो. श्वासनलिकेच्या आंतील अस्तर या रोगानें सोलून निघतें. तें पुन्हां भरून येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. तेवढी विश्रांति न मिळाल्यास फुप्फुसें बिघडतात व चांगलें जनावर कायमचें दमेकरी होतें.

लस उपयुक्त आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. कटऱ्याच्या सांथींतील विषाणूपासूनच हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रानें लस तयार केली. पण लस म्हणजे ताईत नव्हे. पहिल्या टोंचणीनंतर चार ते सहा आठवड्यांनीं दुसरी द्यावी लागते, आणि तिचें बळ अंगीं येण्यास आणखी कांहीं दिवस जातात. शेजारचा घोडा खोकूं लागल्यावर दवाखान्याकडे धांवणाऱ्यास तिचा लाभ फार थोडा.

ऑस्ट्रेलियांत हा रोग पूर्वीं कधींच नव्हता. २००७ च्या ऑगस्टांत तो परदेशी घोड्यांच्या विलगीकरण केंद्रांतून बाहेर पडला. मेटलंड येथील एका अश्वमेळाव्यांत जमलेले घोडे घरोघर परतले, आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. सरकारनें प्रथम घोड्यांची ने-आण बंद केली. लस टोंचण्यास सप्टेंबरअखेर आरंभ झाला. डिसेंबर संपेपर्यंत नवीन रोगी दिसेनासे झाले. लसीनें हातभार लावला खरा, पण ने-आण चालूं ठेवून नुसत्या टोंचण्या दिल्या असत्या तर हें घडलें नसतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

म्हणून आमचें मागणें असें कीं, सांथीची बातमी येतांच घोडेबाजार त्या वर्षापुरता बंद ठेवावा. यास विरोध होईल, हें आम्ही जाणतों. वर्षभर चारा-चंदी घालून वाढविलेलें शिंगरू याच चार दिवसांत विकावयाचें असतें. देवाच्या यात्रेस घोडा नाचविण्याचा कुळाचार असतो. विक्री बुडालेल्यास कांहीं भरपाई देण्याची तजवीज सरकारनें केली पाहिजे. तसें न केल्यास मालक खोकणारा घोडा लपवील, आणि त्यास सर्वस्वीं दोष देतां येणार नाहीं.

सांथ नसलेल्या वर्षीं मात्र आपलें काम आपणच करावें. आश्विनांत पहिली टोंचणी व कार्तिकांत दुसरी पुरी करून दाखला जवळ ठेवावा. बाजारांत आपली बादली न्यावी. सामाईक हौदावर घोडा पाजूं नये. परत आणलेला व विकत घेतलेला घोडा दोन आठवडे मळ्यांत निराळा बांधावा, आणि घरच्या घोड्यांचा दाणापाणी उरकल्यावरच त्याच्याकडे जावें. निघण्याच्या दिवशीं सकाळीं ताप पाहावा. पारा १०२ अंशांच्या वर गेला तर घोडा गाडींत चढवूं नये, मग गिऱ्हाईक कितीही पक्कें ठरलेलें असो.