चष्मा घालवण्याआधी गणित करा

फायनल इयर लागलं की हॉस्टेलवर दोनच विषय असतात: प्लेसमेंट आणि चष्मा. "लेसर करून टाक रे, दहा मिनिटांचं काम!" असं सांगणारे प्रत्येक विंगमध्ये सापडतात. काम दहा मिनिटांचं असेलही, पण डोळा आयुष्यभराचा आहे.

या तंत्राशी आपलं नातंही आहे. मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत उरलेल्या टर्कीच्या मांसावर एक्सायमर लेसर चालवून पाहिला. आजूबाजूचा भाग न जळता नेमका छेद मिळाला. त्यातूनच पुढे लॅसिक आलं.

आता साधं गणित. कॉर्निया सरासरी ५४० मायक्रॉन जाड असतो. त्यातला वरचा फ्लॅप साधारण १२० मायक्रॉनचा. मग दर नंबरामागे १५ च्या आसपास झिजवतात. खाली किमान २५० उरायला हवेत. समजा कॉर्निया ५०० आणि नंबर उणे ८. उरले २६०. कागदावर पास! पण एवढ्याशा फॅक्टर ऑफ सेफ्टीवर आपण पूल बांधू का? असा कॉर्निया पुढे कमकुवत होऊन फुगू शकतो. मग क्रॉसलिंकिंग करून फुगणं थांबवतात, पण बिघडलेली नजर पूर्ववत होईलच असं नाही. पुष्कळदा कडक कॉन्टॅक्ट लेन्स नशिबी येते.

बाकीचे त्रास वेळेत दाखवले तर बहुधा आटोक्यात येतात. डोळे कोरडे पडणं सगळ्यात कॉमन. त्यावर कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि काही महिने धीर. फ्लॅपखाली सूज आली तर स्टिरॉइडचे थेंब, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मार लागून फ्लॅप सरकला तर मात्र त्याच दिवशी धावायचं. तेव्हा डोळे चोळणं बंद, बास्केटबॉलही काही काळ बंद!

माझं म्हणणं 'करू नका' असं मुळीच नाही. बहुतेकांना नंतर छान दिसतं. पण डिस्काउंट पाहून डॉक्टर निवडू नका. टोपोग्राफी आणि जाडीचा रिपोर्ट मागून घ्या, नंबर वर्षभर स्थिर आहे ना ते बघा, आणि सबमिशनच्या तोंडावर नव्हे, सुट्टीत करा. "तुझ्या डोळ्याला हे जमणार नाही" असं तोंडावर सांगणारा डॉक्टर भेटला, तर त्याचे आभार माना.

आणि वॉर्डन सरांना एक विनंती: ऑपरेशन झालेल्या मुलाचा डोळा रात्री अचानक दुखला किंवा अंधुक झाला, तर "सकाळी बघू" म्हणू नका. गाडी काढा.