बियाणे पारखता, मग उमेदवार का नाही?



मागील अंकात घरच्या घरी बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी ते आपण पाहिले. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि दहाव्या दिवशी कोंब मोजायचे. ज्वारीचे निदान पंच्याहत्तर उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. हेच मी पारोळ्याजवळच्या एका गावी पारावर सांगत होतो. तेवढ्यात एक वयस्कर आप्पा म्हणाले, "साहेब, बियानंनं ते समजनं, पन औंदा मत कोनले देवानं?"

मंडळी हसली. मी सरकारी नोकर. अमक्याला मत द्या असे सांगणे मला वर्ज्य. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच गावात मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीपासून दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या बांधावर पाय ठेवत नाहीत. सामाईक विहिरीची पाळी मोडली आणि धाकट्याचा कापूस ऐन बोंडे धरताना सुकला. ज्यांच्यापायी भाऊ भांडले ते दोन्ही उमेदवार आता एकाच मोटारीतून तालुक्याला येतात!

म्हणून उमेदवारही बियाण्याच्याच रीतीने पारखावा. उदाहरण आज हयात नसलेल्या माणसाचे घेतो, म्हणजे प्रचार होणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा आपल्यासारखाच पावसाने दगा देणारा तालुका. तेथून गणपतराव देशमुख १९६२ साली प्रथम विधानसभेवर गेले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. पहिली परीक्षा वाणाची. ते वकिली शिकलेले, शेतकरी कामगार पक्षाचे. सत्ता दोनदाच वाट्याला आली, १९७८ आणि १९९९ साली मंत्री झाले, तरी पक्ष अखेरपर्यंत एकच. आमदार असूनही एस. टी.ने प्रवास करणारा माणूस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखत होता.

दुसरी परीक्षा वाईट सालाची. चांगल्या पावसात कोणतेही बियाणे डोलते. देशमुख १९७२ साली हरले. त्यांनी ना पक्ष बदलला, ना तालुका. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १९९५ साली हरले, तेव्हाही तसेच. पराभवानंतर माणूस गावात दिसतो का, हे जरूर पाहावे.

तिसरी परीक्षा उत्पन्नाची. कापूस फारसा न पिकणाऱ्या सांगोल्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. आपण कापूस पिकवणाऱ्यांनी यावर विचार करावा. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी मिळावे म्हणून नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदांतून ते वर्षानुवर्षे झगडले. पाणी यायला फार उशीर झाला, हेही खरे. पण मागणी त्यांनी सोडली नाही. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही आणि ३० जुलै २०२१ रोजी ते वारले.

आता लेबल. पिशवीवरचे लेबल वाचल्याशिवाय आपण बियाणे घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. घरातल्या शिकत्या मुलीला मोबाईलवर काढायला सांगा. गेल्या वेळचे आणि यंदाचे शेजारी ठेवून वाचा. जेवणावळी आणि जातीपातीच्या गप्पांपेक्षा त्यातून अधिक कळेल.

आणि एक विनंती. घरात मते दोन असू द्या, पण विहिरीची पाळी मोडू नका. उमेदवार पाच वर्षांनी येतो, भाऊ रोज बांधावर असतो.

पुढील अंकात बीजप्रक्रियेविषयी.