एक लाख डॉलरचं 'सिट'

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय, आणि तेही रागावून. राग कुत्र्यांवर नाही. कुत्र्यांबद्दल मला अतोनात आदर आहे, ती कधी कोणाला फ्रँचायझी विकत नाहीत.

झालं असं, की मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला. "तू जरा बोल रे त्याच्याशी. कुत्र्यांची शाळा काढतोय म्हणे!" 'तो' म्हणजे माझा आतेभाऊ. न्यू जर्सीत वीस वर्षं झाली. आयटीत होता, मार्चमध्ये कंपनीने नारळ दिला. वय ५१, मुलगी कॉलेजच्या उंबरठ्यावर, घराचे हप्ते चालू. आणि आता साहेब कुत्र्यांना वळण लावण्याच्या एका फ्रँचायझीत एक लाख डॉलर घालणार. गंमत म्हणजे लहानपणी हाच पठ्ठ्या गल्लीतला मोत्या दिसला की रस्ता बदलायचा.

फोन केला. म्हणाला, "दादा, तू आधी पूर्ण ऐकून घे. नेहमीसारखा हिशोब मांडून मोकळा होऊ नकोस." आता पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद तपासण्यात गेली, हिशोब नाही मांडायचा तर काय कीर्तन करायचं? पण ऐकलं. तासभर ऐकलं. आणि त्याच्या तोंडून जे आलं त्यातलं निम्मं त्याचं नव्हतंच, ते त्याच्या 'सल्लागारा'चं होतं.

आधी या सल्लागाराबद्दल. हा गृहस्थ माझ्या भावाकडून एक पैसाही घेत नाही, म्हणून तो भला माणूस. अरे बाबांनो, वधू-वर सूचक मंडळसुद्धा फुकट चालत नाही! याला पैसे मिळतात ते फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीकडून, आणि तेही सौदा झाला तरच. म्हणजे "नको घेऊ" हा सल्ला देण्याचा त्याचा मोबदला शून्य. अशा माणसाला सल्लागार म्हणू नये, दलाल म्हणावं. दलाल असण्यात काही गैर नाही, पण पाटी खरी लावावी.

त्याचा पहिला मुद्दा : "चौदा दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, कायदाच आहे."

कायदा आहे, पण अगदी उलटा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायझी नियम आहे, मूळ १९७९ पासून लागू, २००७ साली सुधारलेला. त्यानुसार कंपनीला एक माहितीपत्रक द्यावं लागतं, त्याला एफडीडी म्हणतात. त्यात २३ मुद्दे असतात, आणि सही करण्याआधी किंवा पैसे घेण्याआधी ते किमान चौदा दिवस ग्राहकाच्या हातात असावं लागतं. किमान! हे चौदा दिवस कंपनीच्या हातांना बांधलेली दोरी आहे, आणि हे महाशय तीच दोरी माझ्या भावाच्या गळ्यात अडकवतायत. चाळीस दिवस लावले तरी कोणी पोलीस येत नाही.

दुसरा मुद्दा : "सरकारने तपासलेलं डॉक्युमेंट आहे."

नाही. कमिशन ते तपासत नाही, त्यातलं खरंखोटं करत नाही, आणि तसं त्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानांवर छापलेलं असतं. वाचायचं मात्र आपण.

तिसरा मुद्दा : "आमची माणसं आरामात सहा आकडी कमावतात."

कुठे लिहिलंय? एफडीडीतला १९ वा मुद्दा कमाईचा. तो भरणं ऐच्छिक आहे. पण तो कोरा ठेवला, तर विक्रेत्याने तोंडी आकडे फेकणं नियमात बसत नाही. भावाला म्हटलं, उघड तो १९ वा मुद्दा. उघडला. एकच वाक्य होतं : आम्ही कमाईबद्दल काहीही सांगत नाही. फोनवर थोडा वेळ शांतता पसरली. मला वाईट वाटलं, खरंच.

आता हिशोब. आकडे माझे आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत, पण वेडेवाकडे नाहीत. समजा एका कुत्र्याच्या शिकवणीचे १,२०० डॉलर. महिन्याला आठ नवी कुत्री. वर्षाला झाले १,१५,२००. भाऊ स्वतः शिकवणार नाही (मोत्या आठवा), त्याला 'मॅनेजमेंट' करायचंय. म्हणजे शिकवणारा माणूस आला, त्याला ४० टक्के : ४६,०८०. रॉयल्टी ८ टक्के आणि जाहिरात निधी २ टक्के : ११,५२०. आपल्या भागातली जाहिरात महिना हजार : १२,०००. गाडी, विमा, फोन, सॉफ्टवेअर, हिशोबनीस मिळून महिना दीड हजार : १८,०००. उरले २७,६००. एक लाखाचं कर्ज दहा वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतलं तर वर्षाचा हप्ता साधारण १६,५००. हातात ११,१००. वर्षाचे! महिन्याचे नव्हे.

आणि आठाऐवजी सहाच कुत्री आली तर? जमा ८६,४००, खर्च ७३,२००, उरले १३,२००, हप्ता १६,५००. खिशातून ३,३०० गेले. पण त्याही वर्षी कंपनीला रॉयल्टी ६,९१२ डॉलर मिळालेच. कारण रॉयल्टी नफ्यावर नसते मंडळी, विक्रीवर असते. भागीदार तो, जो तोट्यातही तुमच्या शेजारी बसतो. हा तर सावकार झाला, तोही आपलं भांडवल न घालणारा.

बरं, स्वतःच शिकवलं तर? मग ते ४६,००० वाचतात. पण मग तो धंदा नाही, ती नोकरी झाली, आणि नोकरीसाठी एक लाख मोजले. तरीही चालेल, पण आधी स्वतःला तसं सांगा तरी!

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वडापाव खाणारा उद्या परत येतो. केस कापणारा महिन्याने परत येतो. शहाणं झालेलं कुत्रं परत येत नाही. म्हणजे काम जितकं चोख, तितकं गिऱ्हाईक लवकर संपलं. दर महिन्याला आठ नवी घरं शोधायची, आयुष्यभर. ही घरं येतात कुठून? जनावरांच्या डॉक्टरांच्या शब्दावर आणि शेजारणीच्या कौतुकावर. आणि कौतुक होतं ते त्या शिकवणाऱ्या पोरीचं किंवा पोराचं, शर्टावरच्या लोगोचं नाही. ती पोरगी उद्या सोडून गेली की तुमची पुंजी दोन पायांवर चालत गेली. तिला स्वतःचं दुकान मांडायला काय लागतं? न्यू जर्सीत केस कापायला लायसन्स लागतं, कुत्र्याला शिकवायला नाही. २००१ पासून सीसीपीडीटी नावाची संस्था परीक्षा घेते, पण ती ऐच्छिक.

आणि तुम्ही सोडून जायचं म्हटलं तर? एफडीडीतला १७ वा मुद्दा वाचा. नूतनीकरण, करार मोडणं आणि बाहेर पडल्यावर तोच धंदा न करण्याची अट तिथे सापडेल. नोकर सहज जाऊ शकतो, मालक नाही. आहे की नाही मौज?

आणखी एक गोष्ट, पैशापलीकडची. या धंद्यात काही ठिकाणी विजेचा झटका देणारे पट्टे वापरतात. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तन क्षेत्रातल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली स्पष्ट भूमिका घेतली, की सर्व कुत्र्यांना बक्षिसाच्या पद्धतीनेच शिकवावं. वेल्समध्ये असे पट्टे २०१० पासून बंद आहेत. भावाला विचारलं, तुझी कंपनी काय वापरते? म्हणाला, "ते ट्रेनर बघेल ना." नाही रे बाबा! नाव एकच असतं. तीन राज्यं पलीकडच्या शाखेत एखाद्या जनावराचे हाल झाले, तरी लोक तुझ्या दारावरची पाटी वाचणार.

आता पैसा कुठून येणार ते ऐका, कारण खरा राग इथे आहे. निवृत्तीच्या ४०१(के) मधून! नवी कंपनी काढायची, तिची स्वतःची ४०१(के) योजना काढायची, जुनी पुंजी त्यात वळवायची आणि त्या पैशाने आपल्याच कंपनीचे शेअर घ्यायचे. कर नाही, दंड नाही. याला रॉब्ज म्हणतात (नावातच सगळं आलं, मी काय बोलू). अमेरिकन आयकर खात्याने २००९ साली अशा धंद्यांची पाहणी केली, तेव्हा त्यातले बहुतेक बुडालेले किंवा बुडण्याच्या वाटेवर आढळले, आणि दिवाळखोरीचं प्रमाण मोठं होतं. 'दंड नाही' हे खरं. पण बुडाले तर पुंजीच नाही. आणि त्याऐवजी सरकारी हमीचं एसबीए कर्ज घेतलं तरी २० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्याला वैयक्तिक हमी द्यावी लागते. तिथे घर अडकतं.

एवढं सगळं बोलल्यावर भाऊ काय म्हणाला? "म्हणूनच मराठी माणूस धंद्यात मागे राहतो, दादा."

हे वाक्य मला लागलं. कारण ते मी लहानपणापासून ऐकतोय, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात, आणि दर वेळी कोणीतरी कोणाच्या तरी गळ्यात काहीतरी मारत असताना. साखळी योजनावाले हेच म्हणायचे. सागाच्या झाडांचे प्लॉट विकणारेही हेच म्हणायचे. धंद्यात पुढे असलेला माणूस कागद न वाचता सही करतो, असं कोणी सांगितलं? तो आधी भाव पाडतो, मग गिऱ्हाईक मोजतो, मग उठून जायची तयारी दाखवतो. हिशोब मांडणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. हिशोबाला घाबरणं म्हणजे भित्रेपणा.

फ्रँचायझी सरसकट वाईट असं माझं म्हणणं नाही. १९८९ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली बार्क बस्टर्स (भावाची कंपनी ती नव्हे) आजही चालू आहे. ज्याला कुत्र्यांत रमायला आवडतं, जो स्वतः गुडघे टेकून शिकवणार आहे आणि ज्याचे घातलेले पैसे गेले तर चूल बंद होणार नाही, त्याला तयार पद्धत, सॉफ्टवेअर आणि विचारायला चार अनुभवी माणसं मिळतात. त्याची किंमत आहे. पण माझा भाऊ तो माणूस नाही. तो दुखावलेला माणूस आहे, आणि दुखावलेल्या माणसाला लगेच कोणीतरी 'मालक' म्हणावंसं वाटतं. विकणाऱ्याला हे बरोबर कळतं.

पुण्यात, नाशकात कोणाला असला प्रस्ताव आला तर जास्तच सावध राहा. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदाच नाही, त्यामुळे असं माहितीपत्रक देण्याची सक्तीही नाही. तेच प्रश्न तुम्हाला स्वतः विचारावे लागतील, आणि उत्तरं लेखी घ्यावी लागतील.

असो. भावाने एक गोष्ट कबूल केली आहे. २० व्या मुद्द्यात गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांची नावं आणि संपर्क असतात. त्यातल्या पाच जणांना तो फोन करणार आहे आणि तीनच प्रश्न विचारणार आहे : महिन्याला नवी कुत्री किती यायची? स्वतःचा पगार किती महिन्यांनी सुरू झाला? पुन्हा घ्याल का? कोणी "करारामुळे बोलता येत नाही" म्हणालं, तर तेही उत्तरच समजायचं.

आज त्याच्या चौदातला नववा दिवस आहे. तो हे वाचणार हे मला माहीत आहे, आत्याही वाचणार. बाळा, पंधराव्या दिवशी सही करायचीच असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि कुत्र्यांची खरंच आवड लागली असेल, तर आधी जवळच्या प्राणी-निवाऱ्यात सहा महिने शनिवार-रविवारी काम करून बघ. त्याला एक डॉलरही लागत नाही. मोत्याला घाबरणारा माणूस कुत्र्याला 'बस' म्हणायला शिकला, तर पहिलं गिऱ्हाईक मी आणून देतो, रॉयल्टीशिवाय. :-)