मामांचं मशीन

हिमायतनगर म्हटलं की नांदेडकडचे पाहुणे हमखास विचारतात, "म्हणजे आमचं वाढोणा?" त्यांच्या जिल्ह्यातही एक हिमायतनगर आहे आणि जुनी माणसं त्याला अजून वाढोणाच म्हणतात. आमचं हिमायतनगर हैदराबादचं, शेवटच्या निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खान यांच्या नावाचं. लिबर्टीकडून नारायणगुड्याकडे येताना एका गल्लीत माझ्या मामांचं पाट्या बनवायचं दुकान आहे.

या मार्चमध्ये मामांचा फोन आला. "तू इंजिनिअर ना? रविवारी ये. मशीन घ्यायचंय."

मी सांगून पाहिलं, की मी सॉफ्टवेअरवाला, मशीनमधलं मला मिक्सरपलीकडे काही कळत नाही. पण मामांच्या लेखी बी.ई. म्हणजे बी.ई. गेलो.

मामांनी तरुणपणी ब्रशने पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आलं तेव्हा बरोबरीच्या किती तरी पेंटरांनी ब्रश ठेवून दिले. मामा तगले, ते एसीपीच्या बोर्डावर उठावाची ॲक्रिलिकची अक्षरं लावायला शिकले म्हणून. २०१४ च्या २ जूनला तेलंगणा वेगळं झालं आणि 'आंध्र प्रदेश'च्या पाट्या उतरून 'तेलंगणा'च्या चढल्या, त्या दिवसांत जेवायला फुरसत नव्हती असं मामी सांगतात. पण अक्षरं कापून घ्यायला मामांना दुसऱ्याच्या वर्कशॉपवर जावं लागतं. तिथे मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आधी, मामांचं नंतर. दोनदा उद्घाटनाच्या दिवशी पाटी पोचली नाही. ही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. म्हणून आता स्वतःचं सीएनसी राउटर, तेही थेट चीनहून मागवायचं.

माझ्यासारख्यांसाठी थोडं सांगतो. राउटर म्हणजे इथे वायफायचा डबा नव्हे. मोठं टेबल, त्यावर मागेपुढे, डावीउजवीकडे आणि वरखाली फिरणारी मोटर, आणि तिच्या टोकाला मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत फिरणारं कापायचं बिट. आठ बाय चार फुटांची अख्खी शीट मावते त्याला धंद्यात '१३२५' म्हणतात, म्हणजे १३०० बाय २५०० मिलिमीटर. मी विचारलं, "लेझर का नाही?" ॲक्रिलिकची कड लेझरने काचेसारखी निघते हे खरं. पण साइनच्या कामात वापरतात त्या साध्या सीओटू लेझरला एसीपीचा ॲल्युमिनियमचा पत्रा झेपत नाही, आणि पीव्हीसीची शीट लेझरखाली धरली तर क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो. मामांचं निम्मं काम या दोन मालांचंच.

मी लॅपटॉपवर एक्सेल उघडलं आणि दोन किमती शेजारीशेजारी मांडल्या. इथल्या डीलरची आणि चिनी कारखान्याची. फरक बघून मी म्हणालो, "मामा, डोळे झाकून मागवा."

"डोळे झाकून तर मी पाटीचा खिळाही ठोकत नाही," मामा म्हणाले, आणि मला कस्टम एजंटकडे घेऊन गेले.

तिथे माझं एक्सेल उघडं पडलं. समजा, मशीन १०० रुपयांचं. भाडं आणि विमा धरून बंदरात ते ११५ ला पडलं. सीमाशुल्क या ११५ वर. समजा साडेसात टक्के, म्हणजे ८ रुपये ६३ पैसे. त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार. मग या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. शंभराचे जवळपास १४७ झाले. (दर बदलत असतात. ऑर्डर देण्याआधी ताजा दर एजंटकडूनच घ्या.) आयजीएसटी पुढे वळता करून मिळतो, पण मामा कंपोझिशन योजनेत होते आणि त्यात तो मिळत नाही. सीए म्हणाले, आधी योजनेतून बाहेर पडा, मग मशीन आणा. शिवाय परदेशातून माल आणायचा तर आयात-निर्यात कोड आपल्या नावावर हवा.

पुढचा खर्च तर कोटेशनमध्ये दिसतही नाही. दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जागा घेतली की समुद्राचं भाडं अगदी किरकोळ सांगतात आणि इकडे माल उतरला की हाताळणीचे, कागदपत्रांचे आकडे लावतात. सनतनगरच्या डेपोत पेटी ठरल्यापेक्षा जास्त दिवस राहिली, तर रोजचं भाडं वेगळं. टनभराची पेटी उतरवायला हायड्रा लागणार. आणि ती उतरवायची कुठे? मामांचं दुकान दहा बाय पंधरा. वर लोक राहतात, त्यांना आवाज आणि एमडीएफचा भुसा कोण ऐकवणार? म्हणून काटेदानला शेड भाड्याने घ्यायचं ठरलं. तिथे थ्री फेज आहे, पण आपल्याकडे ४१५ व्होल्ट आणि चीनमध्ये ३८०, म्हणून ऑर्डरमध्ये आपलं व्होल्टेज स्पष्ट लिहून घेतलं.

हे सगळं धरूनही थेट मागवणं थोडं स्वस्तच पडत होतं. कारखान्याने एक झकास व्हिडिओही पाठवला. मशीन लाकडात घोडा कोरतंय, आयाळीचा केस न् केस दिसतोय. मामांनी तो दोनदा पाहिला आणि मला म्हणाले, "त्यांना लिही, घोडा नको. माझी फाइल कापून दाखवा."

फाइल मी केली. तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीतली दुकानांची नावं, आणि मराठीत 'मंगल कार्यालय'. व्हिडिओ कॉलवर कारखान्यातल्या मुलाने ती कापली आणि हसत तुकडे कॅमेऱ्यासमोर धरले. आमच्या 'मंगल'चे तीन तुकडे! शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढतात, तिथून बिट सरळ आरपार गेलं होतं. चूक कारखान्याची नव्हती, माझी होती. अक्षरं टाइप करून त्यांचे आकार केले की प्रत्येक अक्षराची रेषा सुटी राहते, ती आधी वेल्ड करून एकजीव करावी लागते. रोमन अक्षरांना शिरोरेषा नसते, त्या मुलाला काही खटकलंच नाही. मामांना स्क्रीनवर पाहताक्षणी दिसलं. पंधरा वर्षं कोड लिहिणाऱ्या मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्यांदा फाइल नीट केली. तेलुगू झकास आली, कारण तिची वळणं गोल आणि बिटही गोल. ६ मिलिमीटरचं बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई सोडतंच, म्हणून 'र्या'च्या सांध्यांना ३ चं बिट लावायला सांगितलं. उर्दूचे नुक्ते आणि 'मं'वरचा अनुस्वार मात्र सुटून उडाले. एवढ्याशा तुकड्यांना कापताना शीटला धरून ठेवणारे बारीक दुवे सोडावे लागतात. कारखान्याने तेही मान्य केलं आणि तुकडे कुरिअरने पाठवले.

ते तुकडे मामांनी आधी उस्तादांना दाखवले. उस्ताद मामांच्या दुकानात सुरुवातीपासून उर्दू लिहितात. आता हात किंचित थरथरतो, शिडीवर चढवत नाही. मशीनची गोष्ट निघाल्यापासून ते गप्पच होते. फ्लेक्सच्या वेळी काय झालं, ते त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी उर्दूचा तुकडा उलटसुलट फिरवला आणि म्हणाले, "ये लिखा नहीं, छापा है मियाँ." फॉन्टमधून आलेलं नाव त्यांना पटलं नव्हतं.

मामांनी त्यांच्यापुढे कोरा कागद आणि कलम ठेवलं. "मग तुम्ही लिहा. मशीन तेच कापेल."

मी तो कागद स्कॅन केला, कडा साफ करून रेषा काढल्या. कागदावर लिहिताना उस्तादांचा हात मुळीच थरथरत नव्हता.

ऑर्डर गेली. ३० टक्के आगाऊ दिले. उरलेले, आमच्या मशीनवर आमचीच फाइल कापल्याचा व्हिडिओ पाहिल्यावर, जहाजावर चढवण्याआधी. पाट्यांसाठी मामींच्या पाटल्या बँकेत गेल्या आहेत. मशीन अजून समुद्रात आहे आणि पहिला हप्ता या महिन्यातच कापला गेला. मामा रात्री दोनदा उठून जहाज कुठे आलं ते मोबाइलवर बघतात, असं मामी सांगत होत्या.

दिवसा मात्र दुकानात वेगळंच काम चालू आहे. उस्ताद रोज अलिफपासून सगळी अक्षरं मोठी करून लिहितात, मामा देवनागरीची, आणि रविवारी जाऊन मी ती स्कॅन करतो. परवा मामांचा 'ळ' मी तीनदा परत केला. चौथ्यांदा त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "आता तूच शीक."