भीती अणूची नको, लोखंडाची हवी

भांडुप-मुलुंड भागात एमआरआय तपासणी आता नवलाची राहिलेली नाही. तरी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: ‘यात रेडिएशन किती?’ काही जण या धास्तीने आवश्यक तपासणीही लांबवतात.

या तंत्राच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ हा शब्द होता. रुग्ण दचकू नयेत म्हणून तो पुढे गळला. प्रत्यक्षात एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, किरणोत्सर्गही नसतो. शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना चुंबक एक दिशा देतो आणि रेडिओ लहरी त्यांना हलकेच डोलावतात. दीड टेस्लाच्या यंत्रात या लहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात, म्हणजे एफएम रेडिओच्या शेजारच्याच. अणुकेंद्रात फेरबदल घडवायला याच्या लाखो कोटी पट ऊर्जा लागते.

चुंबकीय क्षेत्राने कणांच्या निर्मितीवर परिणाम होतो, हे खरे; पण कुठे? ‘मॅग्नेटार’ नावाच्या मृत ताऱ्यांभोवती हजार कोटी टेस्ला किंवा त्याहूनही प्रबळ क्षेत्र असते. तिथे प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मू शकते. पृथ्वीवर असे काही घडते ते जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत, शिशाची अणुकेंद्रे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांजवळून जातात किंवा आदळतात तेव्हा. तिथले क्षेत्र मॅग्नेटारलाही मागे टाकते, पण डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी विरते. तिथल्या ‘अ‍ॅलिस’ प्रयोगात भांडुपला लागून असलेल्या पवईच्या आयआयटीचे संशोधकही सहभागी आहेत. गल्लीतल्या एमआरआय केंद्राचा या जगाशी संबंध नाही.

एमआरआयचा खरा धोका साधा आहे: लोखंड. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेल्या एका नातेवाइकाचा यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू झाला. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो, हे अनेकांना माहीत नसते.

म्हणून प्रश्न बदलायला हवा. रेडिएशन किती, हे विचारण्याऐवजी पेसमेकर, मेंदूतील क्लिप, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा यांची माहिती आपणहून सांगावी. केंद्रांनीही दारावर ‘चुंबक सदैव चालू’ अशी ठळक मराठी पाटी लावावी आणि रुग्णाइतकीच सोबतच्या माणसाचीही तपासणी करावी. अणूच्या नावाला घाबरून तपासणी टाळणे आणि खिशातल्या किल्ल्या विसरून आत शिरणे, दोन्ही अज्ञानच. त्यातले दुसरे मात्र जीव घेऊ शकते.