पहिली तुकडी आमच्याच पोरांची का?

बारावी सायन्सचा निकाल लागला की नव्या फार्मसी कॉलेजांचे एजंट आमच्या वस्त्यांत फिरू लागतात. त्यांचे एक वाक्य ठरलेले असते : "मान्यता प्रोसेसमध्ये आहे, तुम्ही फक्त कागद द्या."

कोणती मान्यता, हे मात्र ते सांगत नाहीत. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम १२ मध्ये दोन वेगळ्या मान्यता आहेत : एक अभ्यासक्रमाची, दुसरी परीक्षेची. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाकडून नव्या कॉलेजला आधी वर्ग चालवण्याची परवानगी मिळते. परीक्षेची मान्यता पहिली तुकडी बाहेर पडायच्या वेळी ठरते. ती अडली तर हातात मार्कशीट असूनही राज्य कौन्सिलकडे नोंदणी अडते. नोंदणी नाही म्हणजे कलम ४२ प्रमाणे मेडिकलच्या काउंटरवर औषध देण्याचा अधिकार नाही. डी. फार्म.ची दोन वर्षे, बी. फार्म.ची चार वर्षे गेली कुठे?

नव्या कॉलेजांवर कौन्सिलने २०१९ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली होती. केवळ प्रशासकीय ठरावाने अशी बंदी घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण त्यानंतर महाराष्ट्रात कॉलेजांचे जे पेव फुटले, त्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या कुणी? ज्यांच्या घरात डॉक्टर-इंजिनिअर आहेत ते जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात जातात. संस्थाचालकाला हवा असतो शिष्यवृत्तीचा विद्यार्थी, कारण त्याच्या फीची हमी सरकारची असते. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज कुणाच्या इमारतीचे हप्ते फेडते आहे, हे आपण विचारायला नको?

आपलेच काही शिकलेले लोक म्हणतात, "पोरं चौकशीच करत नाहीत." अहो, ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी बारावी पास झाले, त्याने कलम १२ ची पोटकलमे वाचावीत ही अपेक्षा, आणि परवानगीचे पत्र हाती नसताना जाहिरात करणाऱ्याला एक शब्द नाही! मुलींचे तर आणखी वेगळे. जवळचे कॉलेज नाही तर लग्न, एवढेच दोन पर्याय अनेक घरांत असतात. त्यांना "पुण्याला जा" म्हणणे सोपे आहे.

दुसरा युक्तिवाद असा की नवे म्हणजे वाईट नव्हे, सिद्धार्थ कॉलेजसुद्धा १९४६ साली लष्करी बराकीतच सुरू झाले. झाले ना. पण बाबासाहेबांनी त्याला मुंबई विद्यापीठाची संलग्नता मिळवली होती.

म्हणून धोका तोलताना दोन कॉलेजे एका मापाने मोजू नका. चालू वर्षाचे कौन्सिलचे पत्र आहे, पदविकेला तंत्रशिक्षण मंडळाची किंवा पदवीला विद्यापीठाची संलग्नता आहे, प्रयोगशाळा आणि शिक्षक डोळ्यांनी दिसतात, फक्त परीक्षेची मान्यता यायची आहे, तर तो धोका घरच्यांशी बोलून, समजून घेता येईल. पत्रच नसेल तर अर्जही करू नका, मूळ टीसी तर मुळीच देऊ नका. एकदा अडकलेली टीसी सोडवायला आम्ही किती चकरा मारतो ते आम्हालाच ठाऊक. आणि लक्षात ठेवा, एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्याच टप्प्याच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. श्रीमंताचा मुलगा दुसऱ्यांदा फी भरेल. आपला मुलगा बिननोंदणीचा, मेडिकलवर खोकी उचलेल.

सरकारकडे मागणी सरळ आहे. परवानगीचे पत्र नसलेले कॉलेज कॅप राउंडच्या यादीत नको. परीक्षेची मान्यता प्रलंबित असेल तर तसे कॉलेजच्या नावापुढे मराठीत छापा. मान्यता नाकारली गेली तर विद्यार्थ्यांची सोय मान्यताप्राप्त कॉलेजात करा, शिष्यवृत्ती पुन्हा चालू ठेवा आणि आधी उचललेली फी संस्थाचालकाकडून वसूल करा. हे निवेदन जिल्ह्याजिल्ह्यात समाजकल्याण कार्यालयात आणि तंत्रशिक्षण विभागात कॅप राउंडच्या आधी पोहोचले पाहिजे. पोच घ्यायला विसरू नका.